उमरेडची भिंत आणि माझी चाळीस मिनिटं

बेलीफ दारात उभा राहिला की घरातली माणसं एक तर खुर्ची देतात, नाही तर आतून कडी लावतात. नागपूरच्या दिवाणी कोर्टात मी सत्तावीस वर्षं बेलीफ होतो. १९६० च्या आगेमागे नोकरीला लागलो आणि परवापरवा निवृत्त झालो. एवढ्या काळात खुर्च्या कमी आणि कड्याच जास्त वाट्याला आल्या. तक्रार करत नाही. कडी लावणाऱ्या माणसाला निदान आपल्या हातातल्या कागदाची किंमत कळलेली असते.

ज्यांना कधी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही त्या भाग्यवंतांसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. न्यायाधीश हुकूम लिहितात, सही करतात, शिक्का बसतो. पण तो कागद आपल्या पायांनी चालत कुणाच्या घरी जात नाही. तो आम्ही नेतो. ज्याच्या नावे कागद असेल त्याच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची, याला तामील म्हणतात. माणूस सही करायला तयार नसेल किंवा मागच्या दारानं पळाला असेल, तर दोन पंच उभे करायचे, कागद त्याच्या दारावर डकवायचा, घड्याळात बघून वेळ लिहायची आणि कोर्टात येऊन शपथेवर रिपोर्ट द्यायचा. त्यामुळे बेलिफाची हत्यारं तीनच: मनगटावरचं घड्याळ, खिशातलं पेन आणि पिशवीतला खळीचा डबा.

खळ माझी बायको करून द्यायची. मैद्याची, घट्ट, गुठळी न होऊ देता. देताना दर वेळी ऐकवायची, "पोराईच्या करंज्याले मैदा पुरत नाही, न् तुमी लोकाईच्या दाराले फासून राहिले!" एकदा मौद्याकडच्या एका खेड्यात मी असाच एका बड्या माणसाच्या दारावर समन्स डकवला. पंचांच्या सह्या घ्यायला वळलो, तेवढ्यात त्याच्याच शेळीनं तो खाल्ला. मैदा तिला आवडला असावा. 'प्रतिवादीच्या शेळीने समन्स स्वीकारला' असं रिपोर्टात लिहायची मला फार इच्छा झाली होती. लिहिलं मात्र जसं घडलं तसंच. जज्जसाहेबांनी मान खाली घालून चष्मा पुसला आणि दुसरा समन्स काढला. तेव्हापासून खळीत मोरचूद घालू लागलो. माझे कागद निळसर दिसायचे, पण शेळी त्यांना तोंड लावत नसे.

आणि एक गोष्ट. कागदावर सगळी माणसं सारखीच असतात. एका मोठ्या हुद्देदाराच्या बंगल्यावर घरजागेच्या भांडणातला समन्स घेऊन गेलो होतो. ते झोपाळ्यावर बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी कोण आहे, माहीत आहे ना?" मी कागद उघडून बघितला आणि म्हणालो, "हो साहेब. प्रतिवादी नंबर दोन." झोपाळा थांबला. सही झाली. चहा मात्र आला नाही.

सरकारही प्रतिवादी होऊ शकतं, हे आमच्याकडे अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. खेड्यातली माणसं मला विचारायची, "सरकारवर केस, न् तेही सरकारच्याच कोर्टात?" मी सांगायचो की माझा पगार सरकारच्या तिजोरीतून येतो, पण माझ्या हातातला हुकूम सरकारचा नाही. सरकारला जे करायचं ते रीतीनं करावं लागतं, आणि रीत सोडली तर माझ्यासारखा एक खाकी सदऱ्यातला माणूस त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. हे मी फार रुबाबात सांगत असे. उमरेडच्या प्रकरणानंतर त्यातला थोडा रुबाब कमी झाला. थोडाच. तेच प्रकरण सांगायला हे लिहायला घेतलं आहे.

आणीबाणी संपून फार दिवस झाले नव्हते. त्या काळात आमचा कागद हलका झाला होता. साहेबलोक तो बघून हसायचे आणि टेबलावर पेपरवेटखाली ठेवून द्यायचे. आणीबाणी गेली, तरी काही ऑफिसांतली सवय गेली नव्हती. आधी पाडायचं आणि मग विचारायचं, अशी ती सवय.

सीताबाई मला पहिल्यांदा आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दिसली. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. उमरेडची विणकर बाई. तिच्या घराला लागून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये हातमाग. नवरा किसन मागावर बसायचा, ही सुताच्या कांड्या भरून द्यायची. माग म्हणजे सुटं टेबल नव्हे. माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो, मागाची लाकडं भिंतीला टेकलेली असतात आणि वरच्या दोऱ्या आढ्याला बांधलेल्या असतात. शेड हलली की माग हलला. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावलेला असताना लाकूड जागचं सरकलं, तर सगळे धागे गेले. किसनच्या मागावर त्या वेळी करवतकाठी लुगडं अर्ध्यावर आलं होतं.

एका सकाळी शेडच्या भिंतीवर कुणीतरी गेरूनं फुली मारून गेलं. रस्ता रुंद करायचा आहे, चार दिवसांत पाडणार, एवढंच मजुरांच्या गँगच्या मुकादमानं सांगितलं. खात्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नोटीस नाही, मोजणी नाही, बाईचं म्हणणं ऐकणं नाही. रस्त्यासाठी जागा घेता येते, पण आधी कळवायचं, हरकत ऐकायची, मग ठरवायचं, अशी त्याची रीत आहे. फुली ही काही नोटीस नव्हे. सरकारविरुद्धचा दावा असल्यामुळे तो उमरेडला चालेना, म्हणून बाई नागपूरला आली होती. तिच्या वकिलांनी तातडीचा अर्ज केला आणि कोर्ट उठता उठता जज्जसाहेबांनी मनाई हुकूम दिला: पुढच्या सुनावणीपर्यंत शेडला हात लावू नये. तामिलीसाठी खास बेलीफ पाठवावा. आमच्या नाझरसाहेबांनी, म्हणजे सगळ्या बेलिफांच्या वरिष्ठांनी, माझं नाव लिहिलं.

व्हरांड्यात सीताबाई माझ्याजवळ आली. "भाऊ, कागद तुमीच आणता ना? उद्या दुपारी पाडतो म्हणते तो मुकादम. आमच्या मालकाईले कमी आयकू येते. मी त्याईले सांगून ठेवलं हाय, कागद येईस्तोवर मागावरून उठू नका म्हून. मी आता रातच्या गाडीनं जातो न् त्याईच्या बाजूले बसतो."

मी खळीच्या डब्यावर हात ठेवून म्हणालो, "बाई, माझा कागद आजवर उशिरा पोचला नाही."

हे वाक्य मला आजही टोचतं.

सकाळी गणेशपेठेतल्या स्टँडवरून नऊची एसटी धरली. त्याआधीच्या गाड्याही होत्या, पण ऑफिस अकराला उघडणार, आधी जाऊन काय करायचं, असा माझा हिशेब. अकराला दहा कमी असताना उमरेडला उतरलो. स्टँडवरून डावीकडे दहा मिनिटांवर सीताबाईची शेड. उजवीकडे दहा मिनिटांवर खात्याचं ऑफिस. मी उजवीकडे वळलो.

का वळलो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. सरकारी अधिकाऱ्याला कागद द्यायचा तर त्याच्या ऑफिसातच द्यायचा, आवक नोंदवहीत चढवून शिक्का घ्यायचा, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. एकदा शिक्का बसला की साहेबाला 'मला मिळालाच नाही' म्हणता येत नाही. शिक्क्यावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता. सतरा-अठरा वर्षं मी असंच करत आलो होतो आणि त्यात एकदाही फसलो नव्हतो.

आवक कारकुनाच्या टेबलावर मी कागद ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या घड्याळातही तेवढेच. कारकून चाळिशीचा, गळ्यात मफलर. त्यानं कागद हातात घेतला, नोंदवही ओढली, लिहू लागला. मग त्याचा हात थांबला. त्यानं कागद पुन्हा वाचला, उठला, दाराशी जाऊन म्हाताऱ्या चपराशाच्या कानात काही सांगितलं. चपराशी सायकल काढून गेला. कारकून परत आला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "उपअभियंतासाहेब साइटवर आहेत. असा कागद असला की शिक्क्याच्या आधी त्यांची सही लागते. येतीलच. बसा."

मी बसलो. बाकावर, ताठ, पिशवी मांडीवर घेऊन. चहाही घेतला, हे लपवत नाही. कोर्टाचा माणूस धावपळ करत नाही, समोरच्याला यायला लावतो, असा माझा तोरा. अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी चपराशी घामाघूम होऊन परत आला. माठातलं पाणी घटाघटा प्याला आणि मला तिथंच बघून माझ्या बाजूला वाकला.

"तुमी इथं काहून बसून राहिले बाप्पा? साहेब तं तिकडं भित पाडून राहिले. दुपारी पाडाची होती. मलेच सांगाले पाठोलं होतं, कागद आला म्हून, लवकर आटपा म्हून."

 मी शिक्क्याची वाट बघत बसलो होतो आणि माझ्या येण्याचीच वर्दी त्यांना तिकडे पोचली होती. मी ऑफिसात गेलोच नसतो तर गँग दुपारपर्यंत विड्या ओढत बसली असती. मी टेबलावरून हुकूम उचलला. कारकून "अहो, अहो" करत राहिला. बाहेर चपराशानं सायकलचा कॅरिअर थोपटला. माझं नाव नका घेऊ गा, एवढंच वाटेत म्हणाला. मी घेतलं नाही, आजही घेत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा बेलीफ, कॅरिअरवर एका अंगाला बसलेला, एका हातात हुकूम आणि दुसऱ्या हातात खळीचा डबा, असे आम्ही उमरेडच्या बाजारातून गेलो. शेडच्या अलीकडच्या वळणावर त्यानं मला उतरवलं आणि सायकल फिरवली.

पुढची भिंत पडली होती, दारासकट. पुढचे पत्रे उतरवून बाजूला ठेवले होते. धूळ इतकी की आधी काही दिसेना. मग दिसलं. किसन मागाच्या खड्ड्यातच होता. दोन्ही हात पसरून तो ताण्यावर पालथा पडला होता, डोक्यावर, पाठीवर माती. त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर कुणी ओरडत होतं त्याचाही उपयोग नव्हता. सीताबाई त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये उभी होती. तिनं मला पाहिलं.  

उपअभियंतासाहेब जीपला टेकून उभे होते. मी हुकूम पुढे केला. त्यांनी हात मागे घेतले. "हे बघा, इथे मी साइटवर आहे. कोर्टाचे कागद ऑफिसात द्या."

"ऑफिसात दिला साहेब. अकरा वाजून पाच मिनिटांनी."

"शिक्का आहे?"

शिक्का नव्हता. ते हसले आणि मुकादमाला म्हणाले, "चला, मागची घ्या."

मग मी जे केलं ते कुठल्या नियमात बसतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या मागच्या भिंतीशी गेलो, डब्याचं झाकण उघडलं, सगळी खळ हातानंच भिंतीला फासली आणि छातीइतक्या उंचीवर, जिथे घण बसणार होता तिथे, हुकूम डकवला. जमलेल्या लोकांतले दोघं पंच म्हणून पुढे बोलावले. आणि हुकूम मोठ्यांदा वाचून दाखवला, अगदी नाटकातल्या राजासारखा घसा ताणून. वाचून झाल्यावर घड्याळ बघून वेळ सांगितली. बाराला पाच कमी.

मुकादम घण घेऊन भिंतीपर्यंत आला. कागदाकडे बघितलं. निळसर कडा अजून ओल्या होत्या. त्यानं घण खाली टेकवला.

"काय झालं?" साहेब ओरडले.

"माझ्यानं नाही होत साहेब. भित पाडाचं काम हाय माहं. कोर्टाचा कागद फाडाचं नाही."

त्याच्यामागचे सगळे एकेक करून बसले. कुणी तंबाखू मळायला घेतली. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग जीपमध्ये बसून निघून गेले. सीताबाईनं किसनच्या पाठीवरची माती झाडली. धागे तुटले नव्हते. पण पुढचं आढं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या गेल्या होत्या. माग चालणार नव्हता.

जाताना मी तिला म्हणालो, "बाई, माझ्यानं उशीर झाला."

ती म्हणाली, "तुमी अकराच्याच गाडीनं आलते ना? मी इथूनच गाडी जाताना पाह्यली. तवा भित उभी होती."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायला बसलो. आमचे नाझरसाहेब भला माणूस, निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. खांद्यावरून वाचत होते. "देवराव, हे काय लिहून राहिला गा? अर्जंट हुकूम खिशात, न् चाळीस मिनिटं बाकावर बसलो?"

"बसलो ना साहेब."

"चौकशी लागन. बढतीच्या यादीत नाव हाय तुहं. बस पंक्चर झाली म्हण. साडेअकराले उतरलो म्हण. एसटी पंक्चर होतेच, कोण विचारते?"

मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पेन खाली ठेवून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो. पंक्चर लिहिलं की मी सुटलो. पण मी साडेअकराला उतरलो, तर मग अकरा-पाचला ऑफिसात हुकूम पोचला नाही. नाही पोचला, तर साहेबांनी भिंत पाडली ती हुकूम माहीत नसताना. म्हणजे त्यांची चूक नाही. म्हणजे सीताबाईची भिंत पडली ती पडली. माझी चाळीस मिनिटं लपवली की तिचं सगळंच झाकलं जात होतं.

आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक वाटलं. सरकारनं रीत सोडली तर त्याला जाब द्यावा लागतो, हे मी गावोगाव सांगत होतो. उमरेडच्या त्या बाकावर ताठ बसलेला मीही सरकारच होतो. मी पेन उचललं आणि सगळं लिहिलं, चहासुद्धा. नाझरसाहेबांनी कपाळावर हात मारला, पण सही केली.

सुनावणी झाली. उपअभियंतासाहेबांनी शपथपत्रात लिहून दिलं होतं की मनाई हुकूम आपल्याला भिंत पाडून झाल्यावर कळला. मला पिंजऱ्यात उभं केलं. सतरा-अठरा वर्षं मी दुसऱ्यांना पिंजऱ्यापर्यंत आणलं, स्वतः त्यात उभं राहण्याची ती पहिलीच वेळ. सरकारी वकील हुशार होते.

"अर्जंट हुकूम असताना तुम्ही चाळीस मिनिटं बसून होता. म्हणजे तुम्ही कामचुकार आहात?"

"त्या दिवसापुरता, हो."

"भिंतीवर कागद डकवायचा, हे कोणत्या नियमात बसतं? नियम दाराबद्दल आहे."

"दार पाडलं होतं साहेब. नाही तर दारावरच डकवला असता."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. जज्जसाहेब हसले नाहीत. मी शेडपर्यंत कसा पोचलो, असं विचारलं तेव्हा सायकलवर म्हणून सांगितलं. कुणाच्या सायकलवर ते कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची बेलिफाला सवय नसते.

पण माझा एकट्याचा शब्द पुरणार नव्हता. जज्जसाहेबांनी कारकुनाला आवक नोंदवही घेऊन बोलावलं. मफलरवाला कारकून आला, वही छातीशी धरून. मला वाटलं, आता पान कोरं निघणार. वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर, शाईनं, सुवाच्य अक्षरात नोंद होती: आवक क्रमांक, दिवाणी कोर्ट नागपूर, मनाई हुकूम, वेळ अकरा पाच. फक्त शिक्क्याचा रकाना रिकामा.

"नोंद तुम्ही केली?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"हो."

"मग शिक्का का नाही?"

कारकुनानं रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कागद हातात आला की हात आपोआप लिहितो साहेब. वीस वर्षं झाली. साहेबांची सूचना मग आठवली."

नोंद खोडता येत नाही, हेही त्याच्या हाडात मुरलेलं होतं. खोडायचं त्याला सुचलंच नाही. माझ्या सवयीनं भिंत पाडली आणि त्याच्या सवयीनं ती परत उभी केली. त्या माणसावर मला अजून राग आहे, पण त्याच्या अक्षराबद्दल आदरही आहे.

निकालात एकही मोठा शब्द नव्हता. हुकूम पोचल्याचं ऑफिसला माहीत असताना भिंत पाडली, सबब पंधरा दिवसांत ती होती तशी बांधून द्यावी. तीच गँग, तेवढीच उंची, तेच पत्रे, आढं जिथे होतं तिथेच. उपअभियंत्यानं स्वतः हजर राहावं. काम पूर्ण झाल्याची वादीनं खात्री पटल्याची सही दिल्यावरच बेलिफानं तसा रिपोर्ट द्यावा. रस्त्याचं नंतर, रीतसर नोटीस देऊन. आणि शेवटच्या परिच्छेदात: तामिलीत दिरंगाई केल्याबद्दल बेलिफास लेखी ताकीद देण्यात यावी.

ती ताकीद माझ्या सेवापुस्तकात लागली. बढती तीन वर्षं पुढे गेली. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मंग? खरं लिहिलं तं रडून काहून राहिले?" मी रडत नव्हतो, पण तिला तसं दिसलं असेल. अन्याय झाला असं मला वाटलं नाही. ज्या सहीनं सरकारला भिंत बांधायला लावली, त्याच सहीनं मला ताकीद दिली. दोन्ही एकाच कागदावर होतं, आणि त्या कागदाची नक्कल मी आजही जपून ठेवली आहे.

पुढे नोटीस निघाली, सुनावणी झाली, रस्ताही रुंद झाला. सीताबाईच्या अंगणाची एक पट्टी गेली. तिनंच ती दाखवून दिली, इथून घ्या म्हणून. शेड राहिली. पण मला सांगायचं आहे ते त्या पंधराव्या दिवसाचं.

मी पोचलो तेव्हा शेवटचे पत्रे चढत होते. मुकादम भिंतीवर बसून खिळे मारत होता. सीताबाई खालून सांगत होती, "अजून बोटभर वर घे गा आढं. दोरी लोंबन ना!" आणि तो बोटभर वर घेत होता. किसन खड्ड्यात उतरून नव्या दोऱ्या ओढून बघत होता. माझा जुना कागद मागच्या भिंतीवर तसाच होता, निळसर, कडा सुकून उचललेल्या. शेळ्या अंगणात होत्या. त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

उपअभियंतासाहेब उन्हात उभे होते. संध्याकाळ व्हायला आली, तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सीताबाईपुढे कागद धरला. "बाई, झालं ना सगळं? इथे सही करा."

सीताबाईनं भिंतीवर पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. पंजाला ओली माती लागली. ती तिनं पदराला पुसली आणि म्हणाली, "भित ओली हाय साहेब. दोऱ्या ओढल्या की कळते धरते का नाही ते. उद्या या."

"उद्या?"

"हो. उद्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले नाहीत, हसलोही नाही. हुकमात वादीची खात्री पटल्यावर असं लिहिलं होतं, आणि वादीची खात्री पटली नव्हती. पेन खिशात गेलं. ज्या माणसानं चार ओळींची नोटीस पाठवायला वेळ नाही म्हणून भिंत पाडली होती, तो मान हलवून जीपमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही परत गेलो. ते जीपनं, मी एसटीनं. या वेळी मी नऊची नाही, पहिली गाडी धरली होती. उमरेडच्या स्टँडवर उतरलो, तेव्हा ऑफिस उघडायला बराच वेळ होता. उजवीकडे न बघता मी सरळ डावीकडे चालू लागलो. वळणापर्यंत पोचायच्या आतच मागाचा खडखडाट ऐकू आला.